एपिलेप्सी आणि ईईजी ऑनलाइन शिकताना: नागपूर-विदर्भातल्या डॉक्टर आणि टेक्निशियन मंडळींसाठी

कन्हान_काठ

नमस्कार मंडळी. नागपूर आणि आसपास झटक्यांचे रुग्ण पाहणारे फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, आयसीयूवाले आणि ईईजी टेक्निशियन अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतो आहे. एपिलेप्सी (मिरगी) आणि ईईजीचे (मेंदूतल्या विद्युत लाटांच्या तपासणीचे) ऑनलाइन कोर्स आता भरपूर झालेत. प्रश्न निवडीचा आहे. ज्याला ओपीडीत झटके नीट हाताळायचे आहेत आणि धंतोली-रामदासपेठेतून (नागपूरच्या दवाखान्यांच्या भागातून) आलेला ईईजी रिपोर्ट समजून घ्यायचा आहे, त्याने कुठून सुरुवात करावी? ज्याला स्वतः ट्रेस (ईईजीच्या लाटांचा आलेख) वाचायचा आहे, त्याची वाट वेगळी असणार. ती कशी?

एमएमसीच्या (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या) नोंदणी नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात. वेबिनारला हजेरी लावून ते भरतीलही, पण तेवढ्याने ट्रेस वाचता येईल असं वाटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

फुटाळा

क्रेडिटचं आधी उरकतो. कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहायचं. बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र ज्ञानासाठी घ्या, क्रेडिट त्यातून मिळतीलच असं धरून चालू नका.

आता वाटांबद्दल. पहिल्या वाटेवर ईईजी सगळ्यात शेवटी येतो. झटका कसा सुरू झाला, डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली, शुद्ध यायला किती वेळ लागला, ही माहिती काढायला शिकवणारा कोर्स घ्या. आयएलएई या जागतिक एपिलेप्सी संघटनेच्या अकॅडमीत स्वतःच्या गतीने करायचे केस-आधारित कोर्स आहेत, त्यांतला प्राथमिक स्तराचा या कामाला चांगला. शिक्षकासह आठवड्यागणिक चालणारे कोर्स ‘विरेपा’ नावाने असतात. ते दुसऱ्या वाटेवरच्यांसाठी.

कोर्स जुना आहे की ताजा हे ओळखायची खूण सांगतो. एपिलेप्सीची व्याख्या शिकवताना तो फक्त ‘२४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन झटके’ एवढ्यावर थांबतो का ते पाहा. २०१४ पासून एक विनाकारण आलेला झटका आणि पुढच्या १० वर्षांत पुन्हा झटका येण्याची निदान ६० टक्के शक्यता असेल, किंवा एपिलेप्सीचा विशिष्ट सिंड्रोम ओळखता येत असेल, तरी ती एपिलेप्सीच. वर्गीकरणही २०१७ चं २०२५ मध्ये सुधारलं गेलं. झटक्यांचे प्रकार ६३ वरून २१ वर आले आणि ‘अवेअरनेस’च्या जागी ‘कॉन्शसनेस’ हा निकष आला. २०१७ चं शिकवणारा कोर्स टाकाऊ नाही, पण नवा तक्ता शेजारी ठेवून करा.

आणि एक गोष्ट पहिल्या धड्यातच पक्की व्हायला हवी. साधा ईईजी नॉर्मल आला म्हणून एपिलेप्सी नाही, असं होत नाही. पहिल्या ईईजीत खरी एपिलेप्सी असलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपासच स्पाइक (एपिलेप्सीच्या टोकदार लाटा) सापडतात. उलट, वाईट वाचलेल्या ईईजीमुळे एपिलेप्सी नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात. हे दुसरं नुकसान मला जास्त छळतं, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुलीचं लग्न जुळवताना, मुलाचं ड्रायव्हिंग लायसन्स काढताना ते एकदम समोर येतं.

गोरेवाडा

बालरोगाकडून भर घालते. लहान मुलांसाठी कोर्स निवडताना त्यात दोन गोष्टी ठळक हव्यात. एक, इन्फंटाइल स्पाझम. ४-८ महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना ओळीने दचकल्यासारखं वाकतं आणि घरचे ‘पोट दुखत असेल’ म्हणतात. इथे ईईजी आठवड्याने नव्हे, लगेच, आणि झोपेसह करायचा. झोपेचा भाग नसलेला रेकॉर्ड नॉर्मल दिसून फसवू शकतो.

दुसरं, झोपाळलेल्या मुलांमधली हिप्नॅगॉगिक हायपरसिंक्रोनी. उंच, एकदम उसळणाऱ्या संथ लाटा येतात, मध्ये एखादी टोकदार लाट मिसळते आणि रिपोर्टात ‘जनरलाइज्ड डिस्चार्ज’ (मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एपिलेप्सीचा नमुना) लिहिलं जातं. झोपेत डोक्याच्या मध्यावर येणाऱ्या नॉर्मल व्हर्टेक्स वेव्हचंही तेच. कोर्समध्ये निदान एक पूर्ण सत्र नॉर्मल व्हेरिएंटवर (आजाराच्या वाटणाऱ्या, पण नॉर्मल असलेल्या लाटांवर) नसेल तर तो कोर्स घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कन्हान_काठ

मॅडम, फुटाळा सर, आभार. आता ट्रेस वाचायची वाट सांगा. व्याख्यानं पाहिली की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्ष पान समोर आलं की हात थांबतो, ही अनेकांची तक्रार आहे.

फुटाळा

कारण व्याख्यानात शिक्षकाने स्पाइकवर आधीच बाण काढलेला असतो. ट्रेस वाचण्याचं कौशल्य बाण नसताना शोधण्यात आहे. म्हणून नियम एकच: उत्तर उघडण्यापूर्वी स्वतःचं मत लेखी टाका. पान क्रमांक, चॅनेल, ‘हे एपिलेप्टिफॉर्म (एपिलेप्सीसूचक) आहे’ किंवा ‘नाही’, आणि का. मग उत्तर पाहा. तोंडी ‘मलाही तेच वाटलं होतं’ याला काही अर्थ नाही.

‘का’ लिहायला आयएफसीएन या आंतरराष्ट्रीय न्यूरोफिजिऑलॉजी संघटनेचे सहा निकष वापरा. लाट दोन किंवा तीन टप्प्यांची आणि टोकदार आहे का. तिचा कालावधी आजूबाजूच्या लाटांपेक्षा वेगळा आहे का. चढ आणि उतार असमान आहेत का. मागे संथ लाट येते का. तिच्यामुळे पार्श्वभूमी मोडते का. आणि डोक्यावर तिचा पसारा मेंदूतल्या उगमाला शोभेल असा आहे का. प्रत्येक संशयित लाटेला सहापैकी गुण द्या. पाच मागितले तर निरोगी माणसाला चुकून एपिलेप्सी चिकटवण्याचा धोका फार खाली येतो. विकेट स्पाइक इथेच पकडले जातात. ते दिसायला टोकदार, टेम्पोरल (कानाजवळच्या) भागात, बहुधा उतारवयात आणि गुंगीत. पण मागे संथ लाट नाही आणि पार्श्वभूमीही मोडत नाही.

सरावाचा साठा म्हणून फिजिओनेट या संकेतस्थळावरचा सीएचबी-एमआयटी डेटाबेस मोफत आहे. २२ मुलं-तरुणांच्या २३ केसेस, २५६ हर्ट्झवर नोंदवलेल्या, ईडीएफ या ईईजीच्या प्रचलित फाइल-प्रकारात. झटक्याची सुरुवात-शेवट कोणत्या सेकंदाला हे वेगळ्या समरी फाइलमध्ये दिलेलं असतं, ती शेवटी उघडायची. मर्यादा लक्षात ठेवा: ते रेकॉर्ड बहुतेक बायपोलर स्वरूपात (शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक म्हणून) साठवलेले आहेत, मोंटाज (इलेक्ट्रोडच्या जोड्यांची मांडणी) हवा तसा बदलून पाहता येत नाही. झटका ओळखायला उत्तम, स्पाइकची जागा ठरवायला शिकायचं तर आपल्या लॅबचे रेफरेन्शियल रेकॉर्डच (प्रत्येक इलेक्ट्रोड एकाच संदर्भाशी तोललेले) हवेत.

टेन_ट्वेंटी

टेक्निशियनच्या बाजूने लिहितो. डॉक्टर मंडळी कोर्स करून राहिली, चांगलंच आहे, पण ट्रेसच खराब असला तर कोर्स काय करेल? टेक्निशियनलाही त्याच कोर्समध्ये बसवा.

मोजमापापासून सांगतो. ‘अंदाजे’ लावलेला इलेक्ट्रोड २ सेंटिमीटर सरकला की दोन्ही बाजूंची तुलना बिघडते. नेझिऑन (नाकाच्या मुळाची खळगी) ते इनिऑन (डोक्यामागचा उंचवटा) टेपने मोजायचं. ३६ सेंटिमीटर आलं तर या मधल्या रेषेवर इलेक्ट्रोडच्या जागा अशा: एफपीझेड ३.६ वर, एफझेड १०.८ वर, सीझेड १८ वर, पीझेड २५.२ वर, ओझेड ३२.४ वर. मग कानापुढच्या खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत सीझेडवरून आडवं मोजायचं आणि सीझेडची खूण दोन्ही रेषांच्या मध्यावर पक्की करायची. ग्रीज पेन्सिलने खुणा करा, बोटाच्या मापाने नको.

केसांना तेल हे आपल्याकडचं मोठं कारण. अपॉइंटमेंट देतानाच सांगा: आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा, नंतर तेल नाही, जेल नाही. उपाशी येऊ नका, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जिथे इलेक्ट्रोड लागणार तिथलीच त्वचा घासायची, मग पेस्ट. पेस्ट जास्त झाली आणि शेजारच्या इलेक्ट्रोडच्या पेस्टला मिळाली, की सॉल्ट ब्रिज होतो आणि ते चॅनेल जवळजवळ सपाट दिसतं. टेक्निशियन म्हणतो व्होल्टेज कमी आहे, वाचणारा म्हणतो त्या बाजूला काहीतरी आजार आहे.

इम्पीडन्स (इलेक्ट्रोडचा विद्युत अडथळा) १० किलोओहमखाली पाहिजेच, ५ च्या खाली जमलं तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांचा जवळपास सारखा असावा. एकाचा २ आणि शेजारच्याचा ९ असेल तर विजेच्या ५० हर्ट्झची जाड पट्टी येऊ शकते. आणि तपासताना नॉच फिल्टर (५० हर्ट्झ गाळणारा) बंद ठेवा. नॉच चालू करून पट्टी झाकली की खराब इलेक्ट्रोड तसाच राहतो.

कन्हान_काठ

भाऊ, मशीन २४ चॅनेलचं असेल तर किती इलेक्ट्रोड लावायचे? कोर्समध्ये २५ सांगतात.

टेन_ट्वेंटी

आयएफसीएनचा संच २५ चा आहे. नेहमीचे १९ आणि खालच्या टेम्पोरल रांगेचे सहा: एफ९-एफ१०, टी९-टी१०, पी९-पी१०. नवीन नावात जुना टी३ म्हणजे टी७, टी४ म्हणजे टी८, टी५ म्हणजे पी७, टी६ म्हणजे पी८. मशीनवर जुनी नावं आणि कोर्समध्ये नवी, यामुळे फार गोंधळ होतो. मशीनच्या हेडबॉक्सवरच (वायरी जोडायच्या पेटीवर) चिकटपट्टी लावून ठेवा.

२४ इनपुट असतील तर १९ अधिक एफ९, एफ१०, टी९, टी१० असे २३ आणि एक ईसीजी. ग्राउंड आणि रेफरन्स वेगळ्या खाचेत जातात. ईसीजी सोडून पी९ लावू नका. ईसीजी नसेल तर हृदयाच्या ठोक्यांमुळे येणाऱ्या टोकदार लाटा स्पाइक वाटू शकतात आणि कोणी घेरी येऊन पडत असेल तर हृदय थांबलं होतं का, हे कळत नाही.

फुटाळा

या चार इलेक्ट्रोडसाठी आग्रह धरा. मेसियल (आतल्या बाजूच्या) टेम्पोरल एपिलेप्सीचे स्पाइक बरेचदा याच खालच्या रांगेत सगळ्यात मोठे येतात.

वैनगंगा

गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांसाठी एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट, जी परदेशी कोर्समध्ये एका ओळीत उरकली जाते आणि आपल्याकडे ठळक पोस्टर करून लावायला हवी. सिकलसेल असेल तर हायपरव्हेंटिलेशन (ईईजी चालू असताना जोरजोरात श्वास घ्यायला लावणं) करायचं नाही. नुसता वाहक असला, म्हणजे एएस असला तरी नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अडचणीत आहेत त्यांना स्ट्रोक होऊ शकतो. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण एवढं असताना ईईजीच्या फॉर्मवर हा प्रश्न छापलेलाच हवा: सोल्युबिलिटी टेस्ट झाली आहे का, इलेक्ट्रोफोरेसिसचा (या दोन्ही सिकलसेलच्या रक्तचाचण्या) रिपोर्ट किंवा सिकलसेलचं कार्ड आहे का. माहीत नसेल आणि घरात कोणाला असेल, तर हायपरव्हेंटिलेशन वगळा आणि रिपोर्टात कारण लिहा.

हाच नियम ताजा स्ट्रोक, मेंदूतला ताजा रक्तस्राव, मोयामोया (मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार), हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार यांनाही.

गोरेवाडा

वैनगंगा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

ज्यांना करता येतं त्यांच्याकडून ३ मिनिटं नीट करून घ्या, आणि थांबल्यावरही निदान १ मिनिट रेकॉर्ड चालू ठेवा. ॲबसन्सचा (क्षणभर हरवल्यासारखं होणाऱ्या झटक्यांचा) दाट संशय असेल तर ५ मिनिटं. लहान मुलाच्या हातात कागदी भिंगरी द्या, नुसतं ‘श्वास घे’ म्हणून ते १ मिनिटात थांबतं. ३ हर्ट्झचे डिस्चार्ज सुरू झाले की लगेच एक शब्द सांगा, ‘संत्रं’ म्हणा, आणि नंतर विचारा आठवतो का. आठवत नसेल तर तो झटका होता, हे नोंदीत येतं. फ्लॅशची (लुकलुकत्या दिव्याची) तपासणी हायपरव्हेंटिलेशनच्या आधी किंवा थांबल्यावर निदान ३ मिनिटांनी. दिवा डोळ्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, आणि जनरलाइज्ड प्रतिसाद दिसला की त्याच क्षणी बंद.

एकूण वेळ: जागेपणीचा साधा रेकॉर्ड किमान २० मिनिटं, झोपेचा किमान ३० मिनिटं.

टेन_ट्वेंटी

एप्रिल-मे मधलं नागपूर आणि ईईजी यावर कोणत्याच कोर्समध्ये धडा नाही, म्हणून इथे लिहितो.

बाहेर ४५ अंश आणि खोलीत कूलर. घामाने पूर्ण पान खाली-वर डुलतं, अर्ध्या हर्ट्झच्याही खालच्या संथ लाटा. कूलरमुळे तीन वेगळे दोष येतात. मोटरचा ५० हर्ट्झ, हवेने वायरी हलून तालात येणारी लाट, आणि दमट हवेत पेस्ट सैल होणं. ईईजीच्या खोलीत एसीच लावा. ते शक्य नसेल तर कूलर खोली थंड करायला आधी चालवा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करा, वायरींची वेणी करून उशीजवळ बांधा, कपाळ आणि कानामागची जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. डुलणं थांबतच नसेल तर लो फिल्टर (संथ लाटा गाळणारा) ०.५ वरून १ हर्ट्झवर न्या, पण पानावर तशी नोंद करा आणि थोड्याच वेळापुरतं.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर काही मशिनांत वेगळाच खरखरीत आवाज येतो. ती वेळ नोंदवा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला तर पुष्कळदा साफ होतं.

फुटाळा

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर: हाय फिल्टर (वेगवान लाटा गाळणारा) ७० हर्ट्झवर ठेवा. स्नायूंची गर्दी दिसते म्हणून १५ वर आणला की तेच स्नायू गोलसर होऊन बीटा किंवा स्पाइकसारखे दिसतात. संवेदनशीलता ७ मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटर, पानावर १० सेकंद. इथून सुरू करा आणि बदल केला तर का केला हे स्वतःला विचारा.

कन्हान_काठ

मोबाइलवर वेबिनार पाहून ट्रेस शिकता येतो का? बरेच जण ओपीडीतून घरी जाताना तसं करतात. शिवाय युरोपातलं दुपारी ३ चं सत्र आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ७:३० ला आणि उन्हाळ्यात ६:३० ला पडतं, ऐन ओपीडीत.

फुटाळा

संकल्पना ऐकायला मोबाइल चालेल, ट्रेस वाचायला नाही. सेकंदाला निदान १२८ बिंदू दिसले पाहिजेत. १० सेकंदांचं पान म्हणजे आडवे १२८० पिक्सेल फक्त लाटांसाठी, आणि १ सेकंद पडद्यावर साधारण २५ ते ३५ मिलिमीटर रुंद हवा. मोबाइलवर हे जमत नाही. त्यात वेबिनारचं चित्र दाबून पाठवलेलं असतं, बारीक स्पाइक त्यात पुसट होतो. योग्य पद्धत अशी की आयोजकांनी ईडीएफ फाइल आधी पाठवावी, प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर उघडावी, आणि सत्रात फक्त ‘चौदावं पान, उजवी टेम्पोरल साखळी’ असं बोलावं. सत्राचं रेकॉर्डिंग नंतर पाहिलं तरी शिक्षण तेवढंच होतं, मत आधी लिहिलेलं असेल तर.

फाइल पाठवणं अवघड नाही. २५ चॅनेल, २५६ हर्ट्झ, एका नमुन्याला २ बाइट, म्हणजे सेकंदाला १२,८०० बाइट. २० मिनिटांचा रेकॉर्ड साधारण १५ एमबी. २४ तासांचा १.१ जीबीच्या आसपास. व्हिडिओ जोडला की मात्र आकार कितीतरी पट होतो.

वैनगंगा

फाइल पाठवताना रुग्णाचं नाव काढायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण काढतात फक्त फाइलच्या नावातून. ईडीएफच्या आत पहिल्या २५६ बाइटच्या हेडरमध्ये ८० बाइटचा रकाना रुग्णाच्या माहितीसाठीच असतो, त्याच्या पुढे ८० बाइट रेकॉर्डिंगच्या माहितीचे. नाव, जन्मतारीख, कधी लॅबचं आणि टेक्निशियनचं नाव तिथे बसलेलं असतं. ईडीएफब्राउझर या मोफत सॉफ्टवेअरने हेडर स्वच्छ करा, मग पुन्हा उघडून खात्री करा. टेक्निशियनने मध्येच टाकलेल्या नोंदी वेगळ्या तपासा, ‘अमुक तमुकला हाक मारली’ असं तिथे लिहिलेलं असतं. व्हिडिओत चेहरा असतो, त्यासाठी लेखी संमती हवीच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ईईजीच्या पानाचा फोटो टाकताना वरच्या पट्टीतलं नाव झाकलं आहे का, हे पाहा. मिरगीचा शिक्का गावात लागला की पुसला जात नाही.

अंबाझरी

आयसीयूच्या बाजूने थोडं. सतत ईईजी मॉनिटरिंग शिकायचं असेल तर एसीएनएस या अमेरिकी न्यूरोफिजिऑलॉजी संस्थेची २०२१ ची परिभाषा पाठ करण्याला पर्याय नाही. त्यातले आकडे नेमके आहेत. इलेक्ट्रोग्राफिक झटका म्हणजे २.५ हर्ट्झपेक्षा वेगाने डिस्चार्ज निदान १० सेकंद, किंवा स्पष्ट बदलत जाणारा नमुना निदान १० सेकंद. इलेक्ट्रोग्राफिक स्टेटस (थांबत नसलेला झटका) म्हणजे सलग १० मिनिटं, किंवा कोणत्याही ६० मिनिटांत एकूण २० टक्के, म्हणजे १२ मिनिटं.

नेहमीची चूक: यकृत किंवा किडनीच्या आजारातल्या ट्रायफेझिक (तीन टप्प्यांच्या) दिसणाऱ्या लाटांना स्टेटस म्हणणं. सेफेपिम या अँटिबायोटिकवर असलेल्या किडनीच्या रुग्णातही असंच दिसतं, तिथे आधी औषधाचा चार्ट पाहा. बेन्झोडायझेपिन (लोराझेपामसारखं औषध) देऊन लाटा गेल्या एवढ्याने निदान सिद्ध होत नाही. ट्रायफेझिकही त्याने जातात. रुग्णाची शुद्धही सुधारली पाहिजे.

मशीन एक आणि रुग्ण तीन, ही इथल्या बहुतेक आयसीयूंची स्थिती. तिथे झटक्यांचा धोका सांगणारा २हेल्प्स२बी हा स्कोअर शिकून घ्या. १ तासाच्या रेकॉर्डवर काढतात. शून्य आला तर मशीन दुसऱ्या खाटेला देता येतं, १ असेल तर साधारण १२ तास, २ किंवा जास्त असेल तर निदान २४ तास ठेवावं.

कन्हान_काठ

आणि स्टेटसची औषधं? तालुक्याहून रुग्ण नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाकडे निघण्यापूर्वी काय दिलं जावं, हे कोर्समध्ये कसं शिकवतात?

अंबाझरी

५ मिनिटं झाली की आकडी आपोआप थांबण्याची वाट पाहायची नाही. लोराझेपाम शिरेतून ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, एका वेळी जास्तीत जास्त ४. शिर मिळत नसेल तर शोधत बसू नका: मिडाझोलाम स्नायूत, ४० किलोवर १० मिलिग्रॅम, १३ ते ४० किलोला ५. श्वासावर लक्ष आणि अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) शेजारी.

त्यानेही थांबली नाही तर दुसरं औषध, आणि इथेच डोस कमी पडतो. २०१९ च्या एसेट चाचणीत लेव्हेटिरासिटाम ६० मिलिग्रॅम प्रति किलो (कमाल ४,५००), व्हॅल्प्रोएट ४० (कमाल ३,०००) आणि फॉस्फेनिटॉइन २० (कमाल १,५००) सारखेच ठरले, तिन्हींनी साधारण निम्म्या रुग्णांत काम केलं. ६० किलोच्या माणसाला लेव्हेटिरासिटाम ३,६०० मिलिग्रॅम बसतं. १ ग्रॅम देऊन ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणं चूक. फेनिटॉइनच असेल तर फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही. डेक्स्ट्रोजमध्ये ते साखळतं. गर्भधारणेच्या वयातली बाई असेल तर व्हॅल्प्रोएट पुढे चालू ठेवण्याआधी थांबून विचार करा. रेफर चिठ्ठीवर औषध, मिलिग्रॅम आणि घड्याळाची वेळ लिहा.

गोरेवाडा

नातेवाइकांना मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढायला शिकवा, हेही कोर्समध्ये येतं. पूर्ण शरीर दिसावं, दिवा लावावा, पांघरूण काढावं, नावाने हाक मारावी आणि थांबल्यावरही २ मिनिटं चालू ठेवावा. पण आधी रुग्णाला कुशीवर वळवायचं, व्हिडिओ दुसऱ्याने काढायचा.

कन्हान_काठ

ज्यांना एकत्र सराव करायचा आहे त्यांनी खाली ‘हजर’ लिहावं. दर पंधरवड्याला दोन रेकॉर्ड, हेडर स्वच्छ केलेले. प्रत्येकाने सत्राच्या आदल्या रात्रीपर्यंत लेखी मत टाकायचं, मत न टाकणाऱ्याला सत्रात प्रवेश नाही. टेक्निशियन मंडळींनीही यावं. टेन_ट्वेंटी भाऊ, पहिल्या सत्रासाठी घामाचा आणि सॉल्ट ब्रिजचा एकेक रेकॉर्ड मिळेल का?

टेन_ट्वेंटी

मिळेल. दोन्ही काढून ठेवतो, सोबत त्याच रुग्णाचा दुरुस्त केल्यानंतरचा भागही देतो. हजर.

वैनगंगा

हजर. ईईजी फॉर्मवरचा सिकलसेलचा रकाना मराठीत तयार करून इथे टाकते, ज्याला हवा त्याने छापून घ्यावा.